दुधाळ पाण्यातली तुरटी

“कागद करताय का चाळणी?” मालक ओरडत होते. आमच्या कागदाच्या गिरणीतनं निघालेला तो आवाज फुलंब्रीपर्यंत गेला आणि तिथली एक म्हैस आटली, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. कुणी तपासायला गेलं नाही.

तेव्हा औरंगाबादेत उन्हाळ्यात गिरणीला टँकरचं पाणी. म्हणून तेच तेच पाणी फिरवायचं. आमचा लगदा चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाचा, त्यातनं राळ सुटायची आणि दर फेरीला पाण्यात वाढत जायची. लगदा मशीनच्या ज्या जाळीवर पसरतो तिला ती चिकटली की कागदाला भोकं. चिकट म्हणजे किती, तर माझी एक चप्पल तिथं अजून असेल. मी प्रयोगशाळेत होतो. पाण्यात शंखजिऱ्याची पांढरी पूड, टाल्कम पावडरीतली तीच, टाकायला मीच सांगितलं. ती राळेच्या कणांवर बसते, त्यांचा चिकटपणा मरतो आणि ते कागदाबरोबर निमूट निघून जातात. काही दिवस कागद लोण्यासारखा निघाला. मग पुन्हा भोकं, आणि जाळीवर बोराएवढ्या गाठी.

मशीन चालवायचे खुलताबादचे एक चाचा. पुन्हा कागद बिघडला तर गेटवर राखणीला बसवीन, असं मालकांनी त्यांना आधीच बजावलेलं. मशीनपासून दूर बसायचं म्हणजे चाचांना जिवंतपणी पुरल्यासारखं.

फिरत्या पाण्याच्या हौदाच्या तळाशी मला तुरटीचा खडा सापडला, चांगला उशीएवढा. चाचांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, त्या पांढऱ्या पुडीनं पाणी दुधाळ झालेलं. त्यांच्या घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्याशिवाय कुणी घोट घेत नसे. आपल्या हौदातलं असलं पाणी लोकांनी बघायचं याची त्यांना लाज वाटली, म्हणून रोज पाळीला आले की ते तुरटी सोडायचे. तिनं पूड आणि राळ एकत्र गोळा करून थेट जाळीवर नेऊन बसवली होती.

मी म्हटलं, माझा प्रयोग होता असं सांगतो, खोट्याचा मला सराव आहे.

“नको बेटा. तू सांगशील तर खड्याचा दौलताबादचा किल्ला होईल.”

आणि ते स्वतःच मालकांच्या खोलीत गेले. आतून ओरडणं ऐकू येईना, तेव्हा मात्र मी दाराला कान लावला.

बऱ्याच वेळानं चाचा बाहेर आले, बाह्या सारल्या आणि पाण्याचा पाइप उचलला. काय म्हणाले, असं मी विचारलं.

“मशीन धुऊन घ्या म्हणाले. तुरटी घरी न्या.”