काल काय बदललं?

जॉबरचाचा, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे आमचे शेजारी, बंद पडलेल्या लूमकडे आधी बघतच नसत. ते बघायचे लूम चालवणाऱ्याकडे, आणि विचारायचे, "काल काय बदललंस?" लूम आपणहून बिघडत नाही, कुणीतरी काहीतरी नवीन लावतो आणि मग कानावर हात ठेवतो, असं त्यांचं ठाम मत. भिवंडीतले कारखानदार त्यांना घरी येऊन घेऊन जात. पुढे मोतीबिंदूने डोळे अधू झाले, तरी नुसत्या खडखडाटावरून ते दोष सांगायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

काम सुटल्यावर चाचांनी प्रार्थना कीटक पाळले. आमच्या समोरच्याच त्यांच्या खोलीत, खिडकीत लोणच्याच्या पाच बरण्या, तोंडाला जुन्या मच्छरदाणीचे तुकडे. त्या जाळीला प्रत्येक कीटक दिवसभर उलटा लटकलेला. "माझ्यापेक्षा जास्त वेळ हात जोडून बसतात," चाचा म्हणायचे. सगळ्यात मोठी, हिरवीगार मादी म्हणजे शहजादी. ती बोटावर चढली की चाचा बोलता बोलता थांबायचे. चाची गेल्यापासून त्या खोलीत त्यांना दुसरी सोबत नव्हती.

एकदा गुडघे शेकायला चाचा दोन दिवस अकलोलीच्या गरम कुंडांवर गेले आणि बरण्या माझ्यावर सोपवल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, उत्साह नको तितका. फाटक्या जाळ्या बघवेनात, म्हणून आईने नुकत्याच आणलेल्या मच्छरदाणीचा खालचा लोळणारा भाग कापला आणि पाचही बरण्यांना नवी जाळी बांधली. चाचा आल्यावर मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांच्या आपणहून लक्षात यावं आणि त्यांनी शाबासकी द्यावी, एवढीच हौस. पण पांढऱ्यावर पांढरं त्यांना कुठलं दिसायला!

दुसऱ्या सकाळी एक कीटक थरथरायला लागला. खाली पडला, तोंडातून काळं पाणी आलं आणि तासाभरात संपला. संध्याकाळपर्यंत दुसरा गेला. चाचांनी मला बोलावून घेतलं.

"काल काय बदललं?"

"काही नाही, चाचा." मला खरंच तसं वाटत होतं. खायला घातलेल्या माश्या त्याच, पाणी तेच. तरी चाचांनी माश्या फेकल्या, बरण्या धुतल्या आणि तीच जाळी पुन्हा घट्ट बांधली.

तिसरा गेला त्या सकाळी आमच्या कोनाड्यात नव्या मच्छरदाणीची पिशवी दिसली. वर छापलं होतं, 'जाळीला कीटकनाशक लावलेले आहे.' चाचांचं दार चार पावलांवर होतं. मी त्या दारावरून खाली उतरले आणि कॉलेजला गेले. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

चार वाजता परतून चाचांकडे गेले तेव्हा चौथा वर्तमानपत्रावर पडला होता. उरली होती शहजादी, जाळीला लटकलेली. तिचा मागचा एक पाय थरथरत होता.

"बाय, आठव ना," चाचांचा आवाज फाटला होता. "लूम असती तर कवाच सापडलं असतं. काय बदललं?"

"जाळी, चाचा. तिला औषध आहे."

त्यांनी जाळी ओरबाडून काढली. ओल्या कापसाने शहजादीचं एकेक पाऊल पुसलं, तिला खिडकीपाशी बोटावर घेऊन बसले. मीही बसले. दिवेलागण झाली. ती पडली नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"सकाळी."

"मंग तीन चुकीनं मेले. हा चौथा तुझा."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

शहजादी लंगडत तीन आठवडे जगली. काडीवर अंड्यांची एक पुडी चिकटवली आणि गेली. त्यानंतर महिन्याभरात चाचांच्या मुलाने त्यांना काल्हेरच्या नव्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं, तरी मी दाराआडच. चाचांनीच हाक मारली आणि ती काडी घातलेली बरणी माझ्या हातात दिली. तोंडाला जुनी, फाटकी जाळी.

"मला नको, चाचा. माझ्याकडे कशाला?"

"दुसऱ्या कुनाला देऊ? हे कशानं मरतात ते या बिल्डिंगीत तुलाच ठाऊक हाय."

टेम्पो वळला. मी घरात आले, बरणी खिडकीत ठेवली, पलंगावरची मच्छरदाणी सोडून गुंडाळली आणि आईने काही विचारायच्या आधीच म्हटलं, "आई, हिचा खालचा भाग मी कापलाय."