शब्बीरभाई मासा व्हायचे

गळ टाकणाऱ्या माणसाकडे मासे साठत नाहीत, किस्से साठतात. मी तर कर्वेनगरच्या शुद्ध शाकाहारी सोसायटीतला कुलकर्णी; धरलेला मासा तिथल्या तिथे पाण्यात परत सोडणारा. किस्से मात्र परत सोडता आले नाहीत. हल्ली ते जास्तच आठवतात, कारण नवे घडायचे बंद झालेत. आणि आमचे सगळे किस्से शेवटी शब्बीरभाईंपाशीच येतात.

*

भाईंचं कॅम्पातल्या एका गल्लीत गळ आणि रॉडचं दुकान. त्यांच्याकडून रॉड नुसता पैसे देऊन घेता यायचा नाही. रॉडची मूठ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, तंगूस, म्हणजे तो नायलॉनचा दोरा, स्वतःच्या उजव्या बोटाला गुंडाळायचा आणि उलटं चालत गल्लीत जायचं, ही त्यांची पद्धत. "मी मासा! आता बोला, रॉड कुठे वाकला?"

नुसतं टोक वाकलं तर फास्ट ॲक्शन. मधपर्यंत वाकला तर मॉडरेट. पार मुठीपर्यंत वाकत आला तर स्लो. आणि वाकवायला माशाला किती जोर लागला, ती पॉवर, अल्ट्रालाइटपासून हेवीपर्यंत. हे सगळं रॉडवर छापलेलंच असतं. कुणी ते दाखवलं की भाई म्हणायचे, "छापलेलं घरी जाऊन वाचा. इथे हाताला काय लागतंय ते सांगा."

एकदा असाच तंगूस गल्लीत आडवा ताणलेला असताना एक बाई स्कूटरवरून आल्या. कचकन ब्रेक! तोंडावरचा स्कार्फ खाली करून म्हणाल्या, "अहो, हा रस्ता आहे की तळं?"

भाई जागचे हलले नाहीत. "रस्ताच आहे. मासा जरा चुकलाय. आपण थांबा, तो जाईल."

*

निंबाळकर हा मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या. दुकानात शिरला तोच म्हणाला, "भाई, हेवी द्या. सगळ्यात हेवी! मोडला नाही पाहिजे."

"अहो, एवढा मोठा मासा आपल्या नशिबात नाही. लहान मासा लागला तर हेवीवर कळणारसुद्धा नाही," भाईंनी समजावून पाहिलं. ऐकतो कसला!

पानशेतच्या बॅकवॉटरला त्याच्या गळाला पहिला मासा लागला. वीतभर असेल. निंबाळकरने दोन्ही हातांनी जो हिसडा दिला! मासा पाण्यातून निघाला, आमच्या डोक्यांवरून गेला आणि मागे उघड्या ठेवलेल्या पोह्यांच्या डब्यात पडला. पोहे अर्थातच माझे.

भाई नेहमीप्रमाणे मागे दगडावर बसले होते. ते आमच्याबरोबर यायचे, पण स्वतः गळ कधी टाकायचे नाहीत. शांतपणे म्हणाले, "निंबाळकर, मासा धरलात की कांद्याचं पोतं उचललंत?"

*

नरेश मूळचा यवतमाळचा, हिंजवडीला आयटीत. त्याने ऑनलाइन एक नाजूक रॉड मागवला. टोक असं बारीक, की उजेडाकडे धरून शोधावं लागायचं. ऑफिसमध्ये मिरवायला म्हणून कंपनीच्या बसमधून घेऊन गेला. बसचं दार बंद झालं. नरेश आत, टोक बाहेर!

"भाई, थोडंसंच तं तुटलं. बाकी रॉड चांगला आहे ना?"

"बाकी उत्तम आहे. कुत्री हाकायला." मग म्हणाले, "अहो, मासा आलाय हे आपल्याला टोक सांगतं. टोक गेलं की उरते ती काठी."

*

नरेशसाठी नवा रॉड निवडतानाच ते झालं. मीडियम रॉड त्याच्या हातात, भाई मासा होऊन गल्लीत. "बोला, कुठे वाकला?"

नरेशने मूठ जरा वर उचलून पाहिली. रॉड सरळच होता.

भाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तंगूस बोटावर सैल पडला होता. "मासा दमला," ते म्हणाले. आम्ही हसलो. त्याच आठवड्यात पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली.

*

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. भाईंनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला! त्यांची बायको, रझियाभाभी, रडकुंडीला आल्या. "आता तुम्हीच सांगा यांना. बोटं हलवली नाहीत तर हात कायमचा जाईल म्हणतात."

युक्ती निंबाळकरने काढली. दर रविवारी दुकानातला एक रॉड घेऊन भाईंच्या घरी जायचं, तंगूस त्यांच्या उजव्या बोटाला बांधायचा, मी पलंगाच्या पायथ्याशी रॉड धरायचा आणि विचारायचं, "मासा कुठे आहे?"

सुरुवातीला लाइट रॉड मधपर्यंत वाकायचा. भाभी टाळ्या वाजवायच्या. फार बरं वाटायचं. मग दुसरा झटका आला. त्यानंतर लाइटचं नुसतं टोक हलायचं. पुढे तेही हलेना. हेवीशिवाय कशाला हात न लावणारा निंबाळकर दुकानात सगळ्यात हलका रॉड शोधायला बसला आणि शोधता शोधता रडायला लागला. मलाही आवरलं नाही.

*

तर परवाचा रविवार. अल्ट्रालाइट, तोही फास्ट. याहून हलका रॉड दुकानात नाही. तंगूस बांधला. भाईंनी डोळे मिटले. आम्ही टोकाकडे बघत राहिलो.

टोक हललं!

"वाकला!" नरेश ओरडला. "भाई, वाकला!" भाभींनी ओढणी तोंडाला लावली.

भाईंची जीभ आता जड झालीय, पण शब्द कळतात. डोळे न उघडता म्हणाले, "पंखा... बंद करा."

नरेशने बटण दाबलं. पाती हळूहळू थांबली. टोकही थांबलं.

मग भाईंनी डावा हात पुढे केला. "कुलकर्णी... मूठ इकडे द्या. तंगूस... तुम्ही घ्या."

इतक्या वर्षांत मी त्यांना मुठीच्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. मूठ त्यांच्या डाव्या हातात दिली, उजव्या बोटाची गाठ सोडली, तंगूस माझ्या बोटाला गुंडाळला आणि उलटा चालत दारापर्यंत गेलो. ओढला. टोक चांगलं वाकलं.

भाईंच्या कपाळाला आठी पडली.

"असा कुठला मासा... ओढतो? पुन्हा."