डाव्या चाकाची पांढरी रेघ

लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं माझी पहिली वस्तू चोरली ती म्हणजे खडू. शिलाईचा, चपटा, पांढरा. मी कापड अंथरून कात्री घेऊन बसलेली आणि खडू गायब. बाहेर येऊन पाहते तर महाशय ट्रकखाली उताणे पडून चाकाच्या आतल्या पत्र्यावर माझ्या खडूनं रेघ मारून राहिलेले. मी म्हटलं, "अहो, हा ट्रक काय पोलकं शिवून घ्यायला आलाय का?" तर म्हणे, "तेल गळलं तर रेघ पिवळी पडती. न्हाई गळलं तर पांढरीच राहती. तुझ्या खडूनं लई झकास कळतं."

तेव्हापासून ती त्यांची रीतच पडली. एक्सलचं काम झालं की रेघ मारायची, गाडी फेरीला पाठवायची आणि परत आली की खाली शिरून रेघ बघायची. मी खडूचा डबा लपवून ठेवायची, ते शोधून काढायचे.

नांदेडहून लातूरकडं निघालं की बायपासच्या पुढं आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. एका अंगाला ट्रक, दुसऱ्या अंगाला माझी शिलाई मशीन. ह्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. हे शाळा सुटल्यावर एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले आणि काम शिकले. मी आमच्या विहारातल्या शिलाईच्या वर्गात शिकले. दोघांनीही जे कमावलं ते बोटांवर कमावलं. ड्रायव्हर लोकं ह्यांना उस्ताद म्हणायची. धर्माबाद, उदगीर, देगलूरपर्यंतच्या गाड्या यायच्या, आणि एक्सलचं तेल गळतंय म्हटलं की लोक आमचाच पत्ता सांगायचे. मला त्याचा लई तोरा होता, खोटं कशाला बोलू!

मागच्या चाकात एक गोल रबरी सील असतं. त्याचा ओठ एक्सलच्या लोखंडी नळीवर घट्ट बसलेला असतो, त्यानं आतलं तेल आत राहतं. तो ओठ कुठं जरा उचलला गेला की तेल झिरपून ब्रेकच्या लायनरवर उतरतं. मग ब्रेक दाबला तरी चाक धरत नाही. एवढं मलाही मशीनवर बसल्या बसल्या ऐकून पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी एक नारळाची गाडी आली. ड्रायव्हर धर्माबादचे, आमच्याकडं जुने, मला वहिनी म्हणणारे. माहूरला देवीच्या बाजारात नारळ पोचवायचे हे त्यांचं ठरलेलं काम. डाव्या मागच्या चाकातून तेल गळत होतं. ह्यांनी सील बदललं, रेघ मारली, गाडी गेली. परत आली तर रेघ पिवळी. ह्यांनी सीलच्या नावानं खडे फोडले, "डुप्लिकेट माल हाय." दुसरं बसवलं. पुन्हा पिवळी. "ओव्हरलोड भरता अन् मला नाव ठेवता!" असं ड्रायव्हरवर ओरडले. एक्सलची हवा जायची टोपी साफ केली, बेअरिंग आवळलं, तिसरं सील बसवलं.

माझी नजर मात्र दुसरीकडं होती. ह्यांना साखरेचा त्रास आहे, वर्षं झाली. शर्टाची गुंडी लावायला ह्यांना वेळ लागत होता. चुलीवरची कढई एकदा उघड्या हातानं धरली आणि फोड आला तरी कळलं नाही. मी म्हटलं, "अहो, बोटं बधिर झालीत काय?" तर एकदम उसळले, "माझी बोटं? हाव, आता तू डॉक्टरीण झालीस!" मी तोंडाला लागले नाही. मिस्त्रीची बोटं बधिर म्हणजे काय, हे मला कळत होतं.

तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर आले ते गाडीतून उतरून सरळ बाकड्यावर बसले. पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "उस्ताद, माहूरचा घाट उतरताना डाव्या चाकाला ब्रेकच न्हवता. गाडी खेचत होती. पुढं माणसं भरलेली जीप होती. देवीनं वाचवलं बघा." ओरडले नाहीत, भांडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "एक बार अजून बघतो. ह्या बारीला गळलं तर पाना ठेवला. शटर बंद." मला माहीत होतं, हा माणूस रागात बोलत नव्हता. कामाशिवाय हा माणूस घरात बसला तर भिंतीशी भांडेल आणि झुरून जाईल.

त्यांनी चाक काढलं, चाकाचा मधला गोल हब काढला, नळी डिझेलनं पुसली. त्यांची जुनी पद्धत अशी की सील बसायच्या जागेवरून बोट गोल फिरवायचं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, "चकाचक हाय." आणि नवीन सील हातात घेतलं.

माझ्यानं राहवलं नाही. कापड बाजूला टाकून मी उठले, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उकिडवी बसले. "सरका जरा."

"कशाला? बायामाणसाचं काम हाय का हे?"

"तीस वर्षं माझा खडू वापरता, तेव्हा बायामाणूस दिसलं न्हाई? सरका म्हणते ना!"

ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून हसले. मी बोट नळीवर ठेवलं आणि हळूहळू गोल फिरवलं. रेशमी कापडाला मोडक्या सुईचा काटा कुठं लागतो हे मला अंधारातही कळतं. वरून खाली, खालून वर, काही नाही. पुन्हा फिरवलं. तळाला, जिथं माणसाला वाकून बघावं लागतं, तिथं बोट अडलं. नखाएवढी सुद्धा नव्हे, त्याहून बारीक खाच, आणि तिच्या कडेला लोखंड उचललेलं.

"हे बघा, हितं लागतंय."

त्यांनी बोट लावलं. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. दुसरं बोट लावलं. मग अंगठा. त्यांना लागत नव्हतं. मला तर ते काट्यासारखं टोचत होतं. शेवटी मोबाइलचा उजेड धरून, चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. "छिन्नी," म्हणाले. "मागं बेअरिंगची कडी अडकली होती, तवा मीच छिन्नी मारली होती. ही माझीच हाय."

मला वाटलं होतं, माझं खरं झालं की मी टेचात उठेन. कसलं काय! त्यांची ती मान बघून माझाच जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माप घेऊन एसटीनं लातूरला गेले. नांदेडात काय लोखंड कातून देणारे खरादवाले नाहीत? पण ह्यांचा विश्वास लातूरच्या एकावरच. त्याच्याकडून पातळ पोलादी कडं करून आणलं. नळीची ती जागा घासून साफ केली, कडं तापवून वर चढवलं, म्हणजे सीलचा ओठ नव्या गुळगुळीत लोखंडावर बसेल. थंड झाल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बघ." मी बोट फिरवलं. "कुठंच न्हाई," मी म्हटलं. सील त्यांनी असं सरळ बसवलं की हात तोच जुना उस्तादाचा होता, त्यात काडीचा फरक नव्हता. हब, चाक, सगळं चढलं. मग त्यांनी खडू माझ्यापुढं धरला. "रेघ तूच मार. बोट तुझं हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी ट्रकखाली शिरले. साडीला ग्रीस लागलं, केसात माती गेली. चांगली जाड रेघ मारली.

गाडी नारळ भरून माहूरला गेली आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं. मी भाजीत मीठ दोनदा टाकलं आणि ह्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, म्हणजे विचार करा. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं इस्लापूरला चहाला थांबून रेघेचा फोटो पाठवला. पांढरी होती. मी नाचतच फोन दाखवायला गेले तर हे म्हणाले, "फोटोतलं काय खरं? मोबाइल समद्यालाच गोरं करतो. घाट उतरून येऊ दे."

चौथ्या दिवशी दुपारी गाडी आली. दोन दुसऱ्या गाड्या कामाला उभ्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर बाकड्यावर चहा पीत होते. धर्माबादचे ड्रायव्हर खाली उतरले आणि बाजूला झाले. हे बॅटरी घेऊन खाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते आणि ते पाय हलत नव्हते. मी मशीनचं चाक हातानं धरून उभी. इतका वेळ कशाला लागतो रेघ बघायला, असं ओरडावंसं वाटलं.

बाहेर आले. हाताच्या पंजावर पांढरी पूड होती. तो पंजा त्यांनी सगळ्यांना दाखवला. माझा जीव भांड्यात पडला.

"क्या बात है, उस्ताद!" बाकड्यावरचा एक ड्रायव्हर म्हणाला. "हात हाय तुमचा!"

इथं हे हसून गप्प बसले असते तरी कुणाला काही कळलं नसतं. मीही मूग गिळून बसले असते, शपथेवर सांगते. तर हा माणूस, ज्यानं गुंडीसुद्धा मला कधी लावू दिली नाही, त्या तिन्ही ड्रायव्हरांपुढं उभा राहून म्हणाला, "माझा हात न्हाई. माझ्या बोटाला आता कळत न्हाई, साखरेनं गेलं. खाच माझीच होती, सापडली हिच्या बोटाला. आता हितून पुढं हिचं बोट फिरल्याबिगर माझ्या गॅरेजातून एक चाक चढणार न्हाई. चालत आसंल त्यानं गाडी लावा."

मग धर्माबादचे ड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, माझं उजवं चाक पण बघून घ्या की."

माझे डोळे भरून आले. स्वतःच्या बोटाची घमेंड होतीच, पण त्या घडीला मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नाच्या मांडवातही वाटला नव्हता. हात पुढं केला आणि म्हटलं, "आधी माझा खडू द्या हिकडं."