साफ केलेले घड्याळ

त्या घड्याळाचा तपास मला अजून स्वस्थ बसू देत नाही. मी आता पोलीस खात्यात नाही. काही वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला.

कारंजातल्या एका आडत्याच्या दिवाणखान्यात जुने फ्रेंच घड्याळ होते. ब्राँझचे, वर सोन्याचा मुलामा, तबकडीला टेकून बसलेली एक स्त्री. मुंबईचे गिऱ्हाईक ते पाहायला येणार, त्याच्या दोन दिवस आधी ते गायब झाले. आडत्याने फिर्याद दिली. कुलपे शाबूत होती. बाहेरचे येणेजाणे एकटीचे, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. त्या गल्लीतली पाच घरे तिच्याकडे होती. त्यावरच तिचे घर चाले.

मी तिला चौकशीला बोलावले.

"मावशी, घड्याळाचे काय झाले?"

"म्याच साफ केलं, मॅडम. चूक झाली माही."

माझे शिक्षण इंग्रजी माध्यमातले. ठाण्यातली मराठी मी हवालदारांकडून शिकले, आणि तिथे 'साफ केलं' म्हणजे लंपास केले. हवालदार हसलेच. "घ्या मॅडम, पाच मिनिटांत कबूल!"

"कुठे ठेवले?" मी विचारले.

"जाग्यावरच ठेवलं होतं."

"मंग काय पाय फुटले त्याले?" हवालदार म्हणाले.

ती गप्प झाली ती झालीच.

तीन दिवस ती सकाळी येऊन बसायची. सूर्यास्ताआधी आम्ही सोडायचो. नियम सगळे पाळले. बाक ठाण्याच्या दारातच होता, समोर बाजाराचा रस्ता. तिच्या घरांपैकी दोन मालकिणी तिला पाहून वाट बदलताना मला दिसल्या.

चौथ्या दिवशी शेलूबाजारहून खबर आली. मूर्तींवर सोन्याचे पाणी चढवणाऱ्या कारागिराकडे तसे घड्याळ आले होते. आम्ही गेलो. घड्याळावरच्या स्त्रीचे नाक, गाल, गुडघे तपकिरी पडले होते.

"कोणंतरी चिंच न् विटकरीनं घासलं याले," कारागीर म्हणाला. "देवाचं भांडं समजली बाई. आता मुलामा परत चढवून मांगतात."

घड्याळ ठेवणाऱ्या बाईने नाव दिले नव्हते, फक्त मोबाइल नंबर. तो फिर्यादीच्या पत्नीचा निघाला.

"पाहुणे येणार म्हणून मीच तिला म्हटलं, लखलखीत कर," ती खाली मान घालून म्हणाली. "सोनं उतरलं तेव्हा घाबरले. यांना कळायच्या आत नीट करून आणणार होते. तर यांनी फिर्यादच दिली."

"ती तीन दिवस ठाण्यात बसून होती, ताई."

"तिनं माझं नाव नाही घेतलं?"

मी तिचा जबाब लिहून घेतला. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा अहवाल न्यायालयात गेला. पोलिसी भाषेत 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद.

मी बाईच्या घरी गेले, तेव्हा ती भांडी पोत्यात भरत होती. पाचही घरांनी तिचे काम बंद केले होते. नवऱ्यासोबत वीटभट्टीवर निघाली होती.

"मावशी, मालकिणीने घासायला लावले हे का नाही सांगितले?"

"त्यायनं शपथ घातली होती," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "अन् तुमी कुठं इचारलं? कुठं ठेवलं, कुठं ठेवलं, येवढंच."

कबुली हाती आली की पुढचे सगळे प्रश्न आपण तिच्याच मागे लावतो. मीही तेच केले. 'कशाने साफ केले?' एवढे विचारले असते, तर पहिल्याच दिवशी तिने चिंचेचे नाव सांगितले असते.