मांडव नाही, तरी चूलबंद आवतन

"हा दमा आहे. अस्थमा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याआधी आत्याबाईच मटकन खाली बसल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना वाटलं, सून कामातून गेली. माझ्या मनात भलतंच आलं, की वैशालीच्या लग्नाचं आवतन आता कोण देईल? वैशाली माझी मुलगी. हे शहाण्णव सालचं, तेव्हा ती चौथीत होती. मी शाळा सोडली ती त्याच वर्गातून.

मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते. पुढे घरात कुणाची छाती वाजू लागली तर वाचावं.

आवतनाचं मनात आलं ते उगाच नाही. आमच्या नाचणगावात लग्नाचं बोलावणं घरोघर जाऊन देतात. बायकांना कुंकू लावायचं आणि म्हणायचं, चूलबंद आवतन आहे. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायला नको, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. हा मान घरच्या मोठ्या सुनेचा. दिराच्या लग्नात मी चार घरं फिरले आणि धापा टाकत एका ओट्यावर बसले. छातीत बारीक शिट्टी वाजत होती. चुलत सासू, आमच्या काकीजी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिले काऊन धाडलं वं? हिचं आवतन पोचेपर्यंत वरात वापस येईन."

बायका हसल्या. कुंकवाचा करंडा दुसरीच्या हातात गेला.

मग खोकला, धाप, गावातली औषधं, आणि शेवटी वर्ध्याकडचा मोठा दवाखाना. तिथे स्पायरोमेट्री केली. म्हणजे छातीभर श्वास घेऊन एका नळीत जोरात फुंकायचं, मशीन कागदावर रेघ काढतं. खोलीत पुरुष माणसं होती. मी पदर सावरून हळूच फुंकलं. तपासणारे भाऊ कागद पाहून म्हणाले, "बाई, दिवा नाई इझवाचा. ओल्या पऱ्हाट्या पेटवाच्या हायेत. फुंका!"

पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्या, आमचं सरपण. मला हसू आलं, आणि मग मी खरंच चूल फुंकावी तशी फुंकले. तरी रेघ कमीच आली. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. मॅडमनी दोन पंप दिले. निळा, धाप लागली की घ्यायचा. तपकिरी, बरं असो की नसो, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि नंतर चूळ भरायची.

पावसाळा बरा गेला. भादव्यात घरी महालक्ष्म्या बसल्या. स्वयंपाक सगळा सोवळ्यात. पंप तोंडाला लागतो, म्हणजे तो उष्टा. आत्याबाई म्हणाल्या, "सण होईपर्यंत राहू दे वं. बरी तं हायेस." आणि मी बरी होतेच. सण झाला, काही त्रास झाला नाही. मग तपकिरी पंप कोनाड्यातच राहिला.

दिवाळीनंतर कापूस घरी आला. भाव येईपर्यंत तो घरातच ठेवायची आमच्याकडची रीत. त्या वर्षी आमच्या झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. थोड्याच दिवसांत मला एक वाक्य एका दमात बोलता येईना. निळ्या पंपानंही धाप उतरेना. वैशालीच्या बाबांनी मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. नेब्युलायझर लावला, म्हणजे औषधाचं धुकं तोंडावरच्या मास्कमधून छातीत सोडतात.

जरा बरं वाटल्यावर मॅडम खाटेजवळ बसल्या. पंप का सोडला, विचारलं. मी खाली बघत सणाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"बरं तुम्हाला वाटत होतं," त्या म्हणाल्या, "आतलं काम चालूच होतं. शरीरात इंटरल्यूकिन नावाची प्रथिनं असतात. एका पेशीचा निरोप ती दुसरीकडे पोचवतात. त्यातलं इंटरल्यूकिन फाइव्ह हे इओसिनोफिलना बोलावतं. पोटात जंत झाले तर ते बोलावणं कामाचं. पण तुमचं शरीर धुळीलाही शत्रू समजतं. निरोप जातो, त्या पेशी श्वासनळीत गर्दी करतात, नळी आतून सुजते. निळा पंप आवळलेली नळी तेवढी सैल करतो. तपकिरी पंप ते निरोपच कमी करतो. म्हणून तो रोज घ्यायचा."

बोलू की नको, असं झालं. मग बोलले.

"म्हणजे मॅडम, मांडव नाई, नवरदेव नाई, अन् साऱ्या गावाले चूलबंद आवतन. मंग लोकं तं येतीनच."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "अगदी तेच! मग तपकिरी पंप काय करतो?"

"आवतन देणारीले दारातच बसवून ठेवते."

घरी आल्यावर मी आत्याबाईंना पहिल्यांदाच काही ठामपणे सांगितलं. "कापूस खोलीतून काढा लागते. अन् महालक्ष्म्यांतही पंप घेईन मी."

त्यांनी कोनाड्यातला पंप हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "चूळ भरतेस नं त्याच्यावर?"

"दरवेळी."

"मंग कायचं उष्टं!"

कापूस मागच्या टिनाच्या खोलीत गेला. पुढच्या महालक्ष्म्यांत आत्याबाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

पुढे एकदा तपासणीला गेले, तर बाकावर जाम गावची एक बाई पंप हातात धरून रडत होती. तिला कुणी सांगितलं होतं, पंप म्हणजे शेवटचा इलाज, सवय लागते. मॅडम मला म्हणाल्या, "ताई, ह्यांना तुमची आवतनाची गोष्ट सांगा." अडखळत का होईना, मी पुरती सांगितली. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, चूळ किती वेळानं भरायची. मी म्हटलं, लगेच.

दोन हजार आठ साली वैशालीचं लग्न ठरलं. आवतनाच्या दिवशी मी अंगणात, सगळ्यांसमोर, तपकिरी पंप घेतला आणि चूळ भरली. निळा कनवटीला खोचला, करंडा हातात घेतला आणि निघाले. पेठेतून, बौद्धवाड्यातून, पार नाल्याकडच्या घरांपर्यंत. निळा पंप कनवटीलाच राहिला.

काकीजींचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या आता थकल्या आहेत, ओट्यावर बसूनच असतात.

"सारं गाव फिरून आलीस? दम नाई लागला?"

"नाई लागला, काकीजी. अन् वरात अजून यायचीच हाय."

त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. मग हसत हसत कपाळ पुढे केलं. मी कुंकू लावलं आणि एका दमात म्हटलं, "चूलबंद आवतन हाय."