लोणा लागलेली भिंत

"मिठाला काय पाय फुटले? परवा भरलेली बरणी आज तळाला कशी जाते?" धनकुंवर ओरडली. विचारलं सगळ्यांना, नजर मात्र नवऱ्यावर होती.

लखीचंद झोक्यावर आडवे होते. भर दुपारी ते दुकान सोडून घरी यायला लागले होते. "आता मिठाचाही हिशेब घे माझ्याकडून," ते पुटपुटले.

आतून कामवाल्या मंजुळाबाईंचा आवाज आला. "बठ्ठं सरी गे, अक्का! भाजीमा काय टाकू?"

"काही टाकू नका," धनकुंवर म्हणाली. "नाहीतरी उद्यापासून ओळी बसते आहे."

चैत्रातली जैनांची आयंबिल ओळी. नऊ दिवस एकाच बैठकीला उकडलेलं धान्य खायचं. तेल, तूप, दूध बंद, आणि या घरच्या रीतीप्रमाणे मीठसुद्धा. लखीचंदांची ओळी कधी चुकली नव्हती.

"पप्पांना अ‍ॅड्रिनल फटीग आहे, मम्मी," मनन मोबाइल पुढे करत म्हणाला. "किडनीवरच्या ग्रंथी थकतात. गोळ्या मागवल्यात मी. त्या घ्यायच्या आणि खुशाल ओळी करायची."

"धुळ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते सांग की," सून चेलना म्हणाली. "ग्रंथी थकण्याचा असा आजारच नाही म्हणाले. थकवा खरा, पण तो नुसतं लक्षण. कशाचं, ते रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. ग्रंथी बंदच पडत असतील तर तो खरा आजार, जिवावर बेतणारा. तोवर मीठ तोडू नका म्हणाले. आणि पप्पा रक्त न देताच उठून आले."

"धुळ्याचं, तुझ्या माहेरचं पाणीच तसं. तिथले सगळे हुशार."

"तुझ्या मोबाइलपेक्षा तरी आहेत."

धनकुंवरला दोघांचंही पटत होतं आणि कुणाचंच पटत नव्हतं. ती भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडे बघत होती. चंदनाचा हार घातलेला तो फोटो रोज पुसायचं काम तिचंच.

बोदवडहून लग्न होऊन ती जळगावात आली, तेव्हा सासू गोऱ्यापान होत्या; घरात त्यांना बाई म्हणत. मग हळूहळू काळवंडल्या. आधी बोटांची पेरं, मग तळहाताच्या रेषा, मग हिरड्या. बायका म्हणायच्या, तपानं काया जळते. बाई भिंतीला धरून चालायला लागल्या आणि एका ओळीतच गेल्या. मरण असावं तर असं, असं सगळं गाव म्हणालं. धनकुंवरही म्हणाली होती. त्यांच्या ताटात मीठ जाऊ नये म्हणून वेगळं पातेलं तीच ठेवायची.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. बाईंच्या मागच्या खोलीत ती एकदा पाणी घेऊन गेली. बाई भिंतीला तोंड लावून उभ्या होत्या. नवकार मंत्र म्हणत असतील, असं तिला वाटलं. चाहूल लागताच त्या वळल्या. "बिनणी, कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाल्या. नवकार म्हटल्याचं काय लपवायचं, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. सुनेला अशी बिनणी म्हणून हाक मारणारं घरातलं एकमेव माणूस बाईंबरोबरच गेलं.

झोका कुरकुरला. बघितलं तर रिकामाच हलत होता.

"हे कुठं गेले?"

मनन आणि चेलना भांडतच होते. धनकुंवर मागच्या खोलीकडे निघाली. आता तिथं डाळीची पोती असत. खोलीला ओल होती. भिंतीला लोणा लागून पांढरा खारट भुगा फुललेला असे. कितीदा चुना दिला तरी तो वर यायचा. फक्त एका ठिकाणी भिंत गुळगुळीत होती, बुटक्या बाईंच्या तोंडाच्या उंचीवर.

खोलीत ऊन होतं. लखीचंद पाठमोरे उभे होते. एवढा उंच माणूस, पण गुडघ्यात वाकून बरोबर त्याच जागी तोंड लावलेलं. एक बारीक, ओला आवाज येत होता. भिंतीवर टेकलेल्या हाताची पेरं काजळ चोळल्यासारखी काळी होती.

"अहो."

ते सावकाश वळले. ओठांवर पांढरा भुगा होता. डोळे तिच्याकडे होते, पण ओळख नव्हती. चेहरा फोटोतल्या बाईंचा होता.

"बिनणी," ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

धनकुंवर पळाली नाही. पुढं होऊन तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, बगलेत हात घातला आणि त्यांना चालवत बैठकीत आणलं. भांडण जागच्या जागी थांबलं.

"बाईंनी भिंत चाटली होती," ती म्हणाली. "आता हे चाटतायत. मंजुळाबाई, शेजारून मीठ आणा आणि पाण्यात घालून द्या. मनन, गाडी काढ. आत्ताच धुळ्याला जायचं, रक्त द्यायला."

"आणि मम्मी, उद्याची ओळी?" मनन म्हणाला.

"या घरात ओळी होणार नाही."