बर्फाच्या मुलखातली माणसं

लढाईच्या वर्षांत मी वाईजवळच्या एका खेड्यात चौथीला भूगोल शिकवत होतो. एस्किमो लोकांचा धडा आला, तेव्हा बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी, सीलच्या चरबीचा दिवा असं सगळं मी फळ्यावर काढून दाखवलं. पोरांनी बर्फ कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची आई शाळेच्या दारात आली. तिचा नवरा पलटणीत होता आणि इटलीच्या डोंगरात तो बेपत्ता झाल्याचं सरकारकडून कळलं होतं.

"आवं गुरुजी, पोरगी सांगत हुती बर्फातल्या मानसांचं. वाट चुकलेल्याला ती घरात घेत्यात का?"

"घेतात. आल्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत," मी म्हणालो.

"मग आमच्या मानसाला बी घेतलं आसंल. तितं बी लय बर्फ हाय म्हनं."

तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं. मी भिंतीवरच्या नकाशापाशी तिला नेलं. इटली कुठे आणि त्या लोकांचा मुलूख कुठे, ते बोट ठेवून दाखवलं. तिने मधल्या जागेवर हात पसरून पाहिला.

"वीतभर बी न्हाई की," ती म्हणाली.

वर्गातली पोरं माझ्याकडे बघत होती. त्या वितीत किती देश आणि केवढा समुद्र आहे, हे मला सांगवेना.

लढाई संपली, गावातले बाकीचे जवान परतले. तो आला नाही. बाजारात मी दिसलो की ती थांबायची. मी पीकपाण्याचं काहीतरी विचारून पुढे जायचो.